समुद्राच्या वेळापत्रकावर : जबलपूरहून अंदमानची छोटी सहल

कर्कवृत्त जबलपूर शहराच्या उत्तरेस जेमतेम तीस किलोमीटरवरून, सिहोऱ्याच्या किंचित दक्षिणेकडून जाते. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधील ज्या पट्ट्यात सूर्य वर्षातून कधी ना कधी थेट डोक्यावर येतो त्यालाच उष्ण कटिबंध म्हणतात, त्यामुळे भूगोलाच्या काटेकोर व्याख्येनुसार जबलपुरातील नेपियर टाउनही त्याच कटिबंधात मोडते. तरीही तिथल्या भंवरतालच्या परिसरातील एखादे मराठी कुटुंब जेव्हा आठवडाभराच्या रजेत अंदमानला जाऊन येण्याचा बेत करते, तेव्हा त्याला आपल्या ओळखीच्या हवामानातून पूर्णपणे वेगळ्या हवामानात जावे लागते, आणि हा फरक उन्हाने नव्हे तर समुद्राने घडवलेला असतो. जबलपूर कोणत्याही किनाऱ्यापासून साडेसहाशे किलोमीटरहून अधिक आत आहे. इथल्या माणसाची प्रवासाची सवय रेल्वेने घडवली, कारण 1870 मध्ये मुंबईकडून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा आणि कलकत्त्याकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग एकमेकांना मिळाला तो जबलपुरातच. रेल्वेच्या प्रवासात गाडी उशिरा का होईना येतेच, असे गृहीत धरून बेत आखता येतो. बेटांच्या प्रवासात वारा, लाटा, भरती-ओहोटी आणि दिवसाचा उजेड या चार गोष्टी आधी मांडाव्या लागतात आणि पाहण्याची ठिकाणे नंतर त्यांच्यात बसवावी लागतात. सहल जितकी छोटी, तितका हा क्रम महत्त्वाचा, कारण चुकलेली वेळ भरून काढायला तिच्यात मोकळा दिवस नसतो.

जमीन आणि पाणी यांच्या तापण्यातला फरक समजून घेतला की बेटाच्या हवामानाचे पुष्कळसे कोडे उलगडते. तेवढ्याच वजनाच्या मातीपेक्षा पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला कितीतरी अधिक उष्णता लागते, शिवाय समुद्राचे वरचे पाणी सतत घुसळले जात असल्याने ती उष्णता खोलवर पसरते. त्यामुळे समुद्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो. जबलपुरात मे महिन्यात दुपारचा पारा 41-42 अंशांवर जातो आणि जानेवारीच्या रात्री तो दहाच्या आसपास किंवा खालीही उतरतो. अंदमानातील पोर्ट ब्लेअरमध्ये मात्र बाराही महिने तापमान साधारण 23 ते 32 अंशांच्या दरम्यान राहते. हे आकडे पाहून अंदमान थंड आहे असा समज होऊ शकतो, पण तो खरा नाही. हवेतील बाष्प इतके असते की अंगावरचा घाम वाळत नाही, आणि शरीर थंड ठेवण्याचे काम घाम नव्हे तर त्याचे बाष्पीभवन करत असल्याने 31 अंशांतही माणूस घामाघूम होऊन लवकर थकतो. जबलपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर जे काम करतो ते इथे होत नाही, त्याचेही कारण हेच. म्हणून सुती, सैल कपडे आणि दर तासाला थोडे पाणी या साध्या गोष्टी तिथे आवश्यक ठरतात, आणि भर दुपारची चाल शक्यतो टाळावी लागते.

भारतीय बेटांपैकी लक्षद्वीप आणि अंदमान हे दोन पर्याय अशा सहलीसाठी समोर येतात, आणि त्यांची घडण मुळातच निराळी आहे. लक्षद्वीप ही प्रवाळबेटे आहेत, म्हणजे प्रवाळ नावाच्या सूक्ष्म समुद्री जिवांनी पिढ्यान् पिढ्या साठवलेल्या चुनखडीच्या सांगाड्यांवर उभी राहिलेली, पाण्याच्या पातळीपासून थोडीशीच वर असलेली सपाट बेटे. सगळ्यांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे 32 चौरस किलोमीटर. तिथे जायला भारतीय नागरिकालाही प्रवेशपरवाना काढावा लागतो, आणि राहण्याच्या जागा थोड्या आहेत. अंदमानची बेटे म्हणजे म्यानमारच्या आराकान पर्वतरांगेचा समुद्रात बुडालेला दक्षिणेकडील विस्तार असून, पाण्यावर दिसतात ती त्या रांगेची शिखरे होत. म्हणूनच तिथे डोंगर आहेत, झरे आहेत आणि दाट सदाहरित जंगल आहे. निकोबारसह या केंद्रशासित प्रदेशाचे क्षेत्रफळ 8,249 चौरस किलोमीटर भरते. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील या नेहमीच्या ठिकाणी भारतीयांना परवाना लागत नाही. जबलपूरहून निघणाऱ्या, पहिल्यांदाच समुद्रावर जाणाऱ्या आणि घरातील ज्येष्ठांना सोबत नेणाऱ्या कुटुंबासाठी अंदमान अधिक सोयीचे, यात फारशी शंका नाही.

ऋतूचा प्रश्न मात्र सोपा नाही. अंदमानला पावसाचे दोन हंगाम लाभतात. नैऋत्य मोसमी वारे भारतीय भूमीला पहिल्यांदा स्पर्श करतात ते याच बेटांवर, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, आणि ते परतल्यानंतर ईशान्येकडील वारे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पुन्हा पाऊस आणतात. वर्षभरात तिथे सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, जबलपूरच्या दुपटीहून अधिक. बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचे दोन हंगामही मोसमी पावसाच्या अलीकडे-पलीकडे, म्हणजे एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर असे पडतात. आता मध्य प्रदेशातील शाळांच्या सुट्ट्या पाहिल्या तर अडचण लगेच ध्यानात येते, कारण दिवाळीची सुट्टी एका वादळी हंगामात आणि मेची सुट्टी दुसऱ्या वादळी हंगामात पडते. समुद्र सर्वांत शांत आणि पाणी सर्वांत नितळ असते ते जानेवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, नेमके परीक्षांच्या दिवसांत. शाळेत जाणारी मुले नसलेल्या किंवा निवृत्त जोडप्यांनी फेब्रुवारी-मार्च निवडावा, हे उघडच आहे. मुले असतील तर परीक्षा संपल्यापासून नवे सत्र सुरू होईपर्यंतचे मार्चअखेरचे दिवस हा बराच चांगला, पण सहसा न सुचणारा पर्याय आहे. नाताळच्या आठवड्यात हवा बहुधा चांगली असली तरी गर्दी आणि भाडी दोन्ही शिगेला पोहोचलेली असतात.

जबलपूर ते पोर्ट ब्लेअर हा प्रवास दोन टप्प्यांचा आहे. मुख्य भूमीवरून बेटांकडे जाण्याची पारंपरिक दारे चेन्नई आणि कोलकाता ही होत. दोन्ही शहरांपासून पोर्ट ब्लेअर सुमारे 1,200 किलोमीटरवर असून विमानाला दोन ते अडीच तास लागतात, जहाजाला मात्र अडीच ते तीन दिवस. जहाजाचा प्रवास सुंदर असला तरी छोट्या सहलीत तो बसत नाही. मदनमहाल किंवा जबलपूर स्थानकावरून कोलकात्याला पोहोचायला रेल्वेने जवळपास एक दिवस, चेन्नईला त्याहून अधिक वेळ लागतो. जबलपूरच्या डुमना विमानतळावरून मोठ्या शहरांकडे जाणारी विमाने आहेत, पण त्यांची वेळापत्रके हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून नागपूरपर्यंत रेल्वेने किंवा रस्त्याने जाऊन तिथून विमान पकडण्याचा मार्गही तपासून पाहावा. कोणताही मार्ग घेतला तरी मुख्य भूमीवरील शेवटच्या शहरात जातानाची एक रात्र राखून ठेवणे शहाणपणाचे, कारण उत्तर आणि मध्य भारतातील डिसेंबर-जानेवारीचे धुके गाड्यांना तासन् तास थांबवते, आणि पोर्ट ब्लेअरचे चुकलेले विमान म्हणजे पुढच्या बोटीचे आणि त्यापुढच्या खोलीचे आरक्षणही वाया जाणे.

बेटांवर पोहोचल्यानंतर प्रवाशाला पहिल्यांदा जाणवतो तो उजेडाचा फरक. संपूर्ण भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरून ठरते. जबलपूर सुमारे 80 अंशांवर आहे, तर पोर्ट ब्लेअर पावणेत्र्याण्णव अंशांच्या जवळपास. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागत असल्याने या दोन गावांच्या सूर्यामध्ये जवळपास 50 मिनिटांचे अंतर पडते. त्यात भर अशी की हिवाळ्यात विषुववृत्ताच्या जवळचा दिवस उत्तरेकडील दिवसापेक्षा मोठा असतो. डिसेंबरच्या अखेरीस जबलपुरात सूर्य पावणेसातनंतर उगवतो, तर पोर्ट ब्लेअरमध्ये तो साडेपाचच्या सुमारास उगवलेला असतो, आणि संध्याकाळी पाच वाजून गेले की तिथे मावळतो. घड्याळाच्या सवयीने नऊ वाजता न्याहारी करून बाहेर पडणाऱ्या पाहुण्याचे साडेतीन तास उजेडात, पण अंथरुणात जातात. एका दिवसाचा हा तोटा लहान वाटतो, पण चार दिवसांच्या सहलीत तो जवळजवळ सव्वा दिवस होतो. ज्या घरात पहाटे उठणारे आजी-आजोबा असतील, त्या घराने या बाबतीत त्यांचेच ऐकावे.

यानंतर किती बेटे पाहायची हा प्रश्न उरतो, आणि इथेच बहुतेक आराखडे बिघडतात. पोर्ट ब्लेअरपासून हॅवलॉक आणि नील ही दोन्ही बेटे ईशान्येला सुमारे 40 किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. खासगी कॅटमरॅन, म्हणजे दोन समांतर सांगाड्यांवर बांधलेली वेगवान बोट, हॅवलॉकला दीड ते दोन तासांत पोहोचवते, सरकारी बोटीला त्याहून अधिक वेळ लागतो. कागदावर हे अंतर जबलपूरजवळच्या भेडाघाटला जाऊन येण्याइतके किरकोळ वाटते. पण प्रत्येक वेळी बेट बदलताना खोली सोडणे, जेटीवर आधी पोहोचणे, सामान तपासून घेणे, बोट, उतरणे आणि नवी खोली मिळेपर्यंत थांबणे यांत अर्धा दिवस सहज खर्च होतो. म्हणून पाच रात्री असतील तर पहिली पोर्ट ब्लेअरमध्ये, मधल्या तीन हॅवलॉकवर आणि शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअरमध्ये, ही मांडणी सर्वांत निर्धोक. नीलचा मोह असेल तर सहा रात्री काढाव्यात, नाहीतर ते बेट पुढच्या खेपेसाठी ठेवावे.

शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्ये असावी, हा नियम अनुभवातून आलेला आहे. डिसेंबर 2016 मध्ये अंदमानजवळ तयार झालेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने, ज्याचे पुढे वरदा नावाच्या चक्रीवादळात रूपांतर झाले, समुद्र इतका खवळला की बोटी बंद पडल्या आणि हॅवलॉक व नीलवर शेकडो पर्यटक काही दिवस अडकून पडले. अखेर नौदलाच्या जहाजांनी त्यांना पोर्ट ब्लेअरला आणले. असे संकट क्वचित येते हे खरे, पण जोराच्या वाऱ्यामुळे एखादी फेरी रद्द होणे मुळीच दुर्मीळ नाही. परतीच्या विमानाच्या दिवशी सकाळी हॅवलॉकहून निघून दुपारी विमान पकडण्याचा बेत चांगल्या हवेत साधतो आणि वाईट हवेत सगळ्या सहलीवर पाणी फिरवतो. आराखडा म्हणूनच परतीच्या विमानापासून मागे मोजत करावा, आणि हॅवलॉकहून परतण्याची बोट विमानाच्या आदल्या दिवशी शक्य तितक्या लवकरची घ्यावी, म्हणजे ती रद्द झाली तरी त्याच दिवशी दुसरी मिळण्याची आशा राहते.

हाच नियम एका वेगळ्या, शरीरशास्त्रीय कारणानेही पाळावा लागतो. अंदमानला जाणाऱ्यांपैकी पुष्कळजण, पोहता न येणारेही, प्रशिक्षकाचा हात धरून स्कूबा डायव्हिंग करतात, म्हणजे पाठीवरच्या टाकीतील दाबाखालची हवा नळीवाटे घेत पाण्याखाली उतरतात. पाण्यात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर शरीरावर जमिनीच्या दुप्पट दाब असतो, आणि त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. माणूस सावकाश वर आला तर तो नायट्रोजन श्वासावाटे हळूहळू निघून जातो, पण सगळा निघायला कित्येक तास लागतात. प्रवासी विमानातील हवेचा दाब सुमारे दोन हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका कमी ठेवलेला असतो. बुडी मारून लगेच विमानात बसल्यास उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधे, मज्जारज्जू किंवा मेंदूला इजा पोहोचू शकते. म्हणून एकाच बुडीनंतर किमान 12 तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान 18 तास विमानप्रवास टाळावा असे या क्षेत्रातील मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, आणि पूर्ण एक दिवस जाऊ देणे अधिक बरे. डायव्हिंग हॅवलॉकच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी उरकावे आणि शेवटचा दिवस जमिनीवरच्या गोष्टींसाठी ठेवावा. दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे किंवा नुकतीच झालेली सर्दी असेल तर उथळ पाण्यात तरंगत, तोंडावर मुखवटा लावून खालचे प्रवाळ पाहण्याचे स्नॉर्केलिंग पुरे.

प्रवाळाविषयी इथे थोडे सांगायला हवे, कारण हॅवलॉकला जाण्याचे खरे निमित्त तेच आहे. प्रवाळ हा दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे. तो हजारो इवल्याशा प्राण्यांचा समूह असून त्यांच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाले राहतात. शैवाले सूर्यप्रकाशात अन्न तयार करून प्रवाळाला देतात, आणि प्रवाळ त्यांना आसरा देतो. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी अधिक काळ तापलेले राहिले की हे सहजीवन मोडते, शैवाले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. अंदमानच्या प्रवाळांनी 1998, 2010 आणि 2016 मध्ये अशी विरंजनाची संकटे सोसली आहेत. जी वाढ वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर इतकीच होते, ती पाहुण्याने क्षणभर टेकवलेल्या पायाखाली चुरडते. म्हणून पाण्यात दमले तरी प्रवाळावर उभे राहायचे नाही, हे मुलांना घरूनच शिकवून न्यावे.

भरती-ओहोटीकडे नर्मदाकाठच्या माणसाचे लक्ष नसणे स्वाभाविक आहे, कारण ग्वारीघाटचे पाणी पावसाने किंवा बरगी धरणाच्या विसर्गाने चढते, चंद्राने नव्हे. अंदमानात दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत असल्याने ही वेळ दररोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य व चंद्र एका रेषेत ओढत असल्याने पाणी खूप चढते आणि खूप उतरते, तिला उधाणाची भरती म्हणतात, तर अष्टमीच्या सुमारास हा फरक कमी होतो, ती भांगाची भरती. कोकणातील मच्छीमार तिथीला पाऊणपट करून भरतीचा तास काढतात, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास आणि अष्टमीला सहाच्या सुमारास. हा हिशोब मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा आहे, अंदमानच्या वेळा निराळ्या आहेत, पण तिथी आणि भरती यांचा संबंध तोच राहतो. पोर्ट ब्लेअरला उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. त्याचा परिणाम असा की हॅवलॉकच्या पूर्व किनाऱ्यावर, जिथे बहुतेक विश्रामगृहे आहेत, ओहोटीला पाणी खूप लांबवर मागे हटते आणि पोहणे अशक्य होते, तर नीलच्या लक्ष्मणपूर किनाऱ्यावरची, स्थानिक लोक जिला हावडा ब्रिज म्हणतात ती दगडी नैसर्गिक कमान पाहायला जावे लागते ते ओहोटीलाच. घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सहलीच्या तारखांची तिथी पाहून ठेवणे आणि प्रत्यक्ष वेळा तिथल्या विश्रामगृहात विचारून घेणे, एवढे पुरते.

हॅवलॉकचा पश्चिमेकडील राधानगर किनारा, ज्याला 7 क्रमांकाचा किनारा असेही म्हणतात, ओहोटीतही पोहण्याजोगा आणि सूर्यास्तासाठी प्रसिद्ध आहे. 2004 मध्ये टाइम साप्ताहिकाने त्याला आशियातील सर्वोत्तम किनाऱ्याचा मान दिला. मात्र नदीत पोहायला शिकलेल्यांनी समुद्राचा एक धोका ओळखून असावे. किनाऱ्यावर आलेले पाणी लाटांखालून सर्वत्र सारखे परतत नाही, कधीकधी ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत ओढले जाते. या खेचणाऱ्या प्रवाहात सापडलेला माणूस थेट किनाऱ्याकडे पोहत राहिला तर दमून बुडतो. प्रवाह अरुंद असल्याने किनाऱ्याला समांतर थोडे पोहून त्यातून बाहेर पडणे आणि मग किनाऱ्याकडे वळणे, हाच त्यावरचा उपाय. अंदमानच्या खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातील मगरीही आहेत. 2010 मध्ये राधानगरजवळ एका परदेशी पर्यटकाचा मगरीने बळी घेतला होता, म्हणून जिथे सूचनाफलक लावलेले असतील तिथे पाण्यात उतरू नये, आणि खारफुटीजवळ तर मुळीच नाही.

मराठी प्रवाशाच्या दृष्टीने अंदमानची सहल पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलशिवाय पुरी होत नाही, आणि या वास्तूला घाईघाईच्या तासाभरात उरकणे अन्यायाचे आहे. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या मध्यभागी एक मनोरा होता आणि त्यापासून किरणांसारख्या सात तिमजली इमारती निघत होत्या. त्यांत मिळून सातशेच्या घरात कोठड्या होत्या. प्रत्येक कैद्याला स्वतंत्र कोठडी आणि प्रत्येक कोठडीचे तोंड पलीकडच्या इमारतीच्या पाठीकडे, अशी रचना असल्याने एका कैद्याला दुसऱ्याचा चेहराही दिसत नसे. एकांत हीच शिक्षा, हे तत्त्व दगड-विटांत उतरवलेले इतके स्पष्ट रूप भारतात दुसरीकडे क्वचितच सापडेल. कोठडीची लांबी साडेतेरा फूट, रुंदी साडेसात फूट, आणि मागच्या भिंतीत उंचावर एक छोटा झरोका. दाराची कडी भिंतीत इतक्या आत बसवलेली की आतून हात घालून ती गाठता येऊ नये. पाहुण्याने कोठडीत उभे राहून दार ओढून घ्यावे आणि गजांमधून त्या कडीकडे हात न्यावा, म्हणजे ही रचना किती विचारपूर्वक केलेली होती ते पुस्तकाच्या पानांपेक्षा लवकर कळते.

विनायक दामोदर सावरकर पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन मद्रासहून महाराजा या जहाजाने निघाले आणि 4 जुलै 1911 रोजी इथे पोहोचले. त्यांचे वडील बंधू गणेशपंत, म्हणजे बाबाराव, आधीपासूनच याच तुरुंगात होते, आणि तरीही दोघा भावांची दीर्घकाळ भेट होऊ शकली नाही. कोठड्यांची ती रचना कशासाठी होती, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही. कोलूला, म्हणजे तेलाच्या घाण्याला, जुंपून दिवसाला 30 पौंड खोबरेल काढण्याचे काम कैद्यांना दिले जाई. दोघेही बंधू 1921 मध्ये मुख्य भूमीवरील तुरुंगात हलवले गेले, आणि सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथामुळे या इमारतीचे वर्णन मराठी घराघरांत पोहोचले. सात इमारतींपैकी दोन जपानी ताब्याच्या काळात आणि दोन स्वातंत्र्यानंतर पाडल्या गेल्या. उरलेल्या तीन इमारती 11 फेब्रुवारी 1979 रोजी राष्ट्रीय स्मारक म्हणून राष्ट्राला अर्पण झाल्या. जाण्याआधी ग्रंथाची काही प्रकरणे वाचून गेलेल्या कुटुंबाला तिथे वाटाड्याची गरज फारशी भासत नाही. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटे हंगामात लवकर संपतात, ती आधी काढावीत, आणि पाहणी पहिल्या दिवशी करावी, कारण शेवटच्या दिवशी मन परतीच्या सामानात गुंतलेले असते.

जबलपूरच्या रहिवाशाला बेटांवर दुसरेही एक ओळखीचे नाव भेटते. मार्च 1939 मध्ये जबलपूरजवळच्या त्रिपुरी येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद आजारी असतानाही सुभाषचंद्र बोस यांनी भूषवले. त्याआधी ते या शहराच्या मध्यवर्ती कारागृहात कैदीही होते, आणि आज त्या कारागृहाला त्यांचेच नाव आहे. जपानी ताब्यातील पोर्ट ब्लेअरमध्ये 30 डिसेंबर 1943 रोजी त्यांनी तिरंगा फडकवला आणि आझाद हिंद सरकारच्या वतीने या बेटांसाठी शहीद आणि स्वराज ही नावे योजिली. त्या घटनेला 75 वर्षे झाली तेव्हा, 2018 मध्ये, हॅवलॉकला स्वराज द्वीप, नीलला शहीद द्वीप आणि रॉस बेटाला नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप ही नावे अधिकृतपणे देण्यात आली. पोर्ट ब्लेअरचे नाव 2024 मध्ये श्री विजयपुरम झाले. हे व्यवहारातही ठाऊक असावे, कारण तिकिटावर एक नाव आणि रिक्षावाल्याच्या तोंडी दुसरे, असा प्रकार तिथे नित्याचा आहे. रॉस बेट पोर्ट ब्लेअरच्या जेटीपासून अगदी जवळ असून, ब्रिटिशांच्या जुन्या राजधानीच्या चर्च आणि घरांच्या भिंतींवर पिंपळ-वडाच्या मुळांनी घातलेला वेढा पाहायला शेवटच्या दिवसाची सकाळ पुरते.

बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी हे आकर्षण मात्र छोट्या सहलीतून वगळावे, असे इथे आग्रहाने सुचवायचे आहे. पहिले कारण वेळेचे, कारण त्यासाठी पोर्ट ब्लेअरहून मध्यरात्रीनंतर निघावे लागते आणि सबंध दिवस मोटारीत जातो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. अंदमान ट्रंक रोड नावाचा हा रस्ता जारवा या आदिवासी समाजासाठी राखलेल्या जंगलातून जातो. 1956 च्या आदिवासी संरक्षण नियमांनुसार या क्षेत्रात बाहेरच्यांना प्रवेश नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये हा रस्ता तिथे बंद करण्याचा आदेश दिला होता. तरीही पोलिसांच्या संरक्षणात मोटारींचे ताफे जात राहिले, आणि काही पर्यटक गुहांपेक्षा वाटेवरच्या माणसांना पाहण्यासाठी जातात. बाहेरच्या जगातील साध्या आजारांविरुद्धही ज्यांच्या शरीरात प्रतिकारशक्ती तयार झालेली नाही, अशा समाजाच्या घरातून दिवसाला शेकडो मोटारी नेणे हे कोणत्याही गुहेच्या सौंदर्याने समर्थनीय ठरत नाही. बाराटांगला जायचेच असेल तर समुद्रमार्गे जाता येते का, याची चौकशी पोर्ट ब्लेअरमध्ये करावी.

बोटीचा त्रास होणाऱ्यांसाठी थोडेसे. कानाच्या आतील समतोल राखणारे इंद्रिय शरीर डोलत असल्याचे सांगते आणि बंद कक्षात बसलेले डोळे सगळे स्थिर असल्याचे सांगतात, या विसंगतीतून मळमळ सुरू होते. म्हणून बोटीच्या मध्यभागी, जिथे हेलकावा कमी असतो तिथे बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी, पोट अगदी रिकामे ठेवू नये, आणि डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायची असेल तर ती बोट सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, उलटी झाल्यावर नव्हे. चेन्नईहून टाकलेली समुद्राखालची केबल ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाल्यापासून इंटरनेट बरेच सुधारले असले तरी लहान बेटांवर ते कुठे मिळेल आणि कुठे तुटेल याचा भरवसा नसतो, तेव्हा तिकिटांच्या छापील प्रती आणि थोडी रोख रक्कम जवळ ठेवावी.

परतीच्या सामानात शंख, शिंपले किंवा प्रवाळाचे तुकडे भरू नयेत. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या अनुसूचीत 2001 पासून प्रवाळ आणि अनेक जातींचे शंख यांचा समावेश असून, किनाऱ्यावर मेलेला तुकडा उचलला तरी तो गुन्हाच ठरतो, आणि विमानतळावरच्या तपासणीत तो हमखास सापडतो. शंखांपासून बनवलेल्या वस्तू हव्याच असतील तर पोर्ट ब्लेअरच्या सागरिका या सरकारी विक्रीकेंद्रातून पावतीसह घ्याव्यात आणि ती पावती हातातल्या पिशवीत वरच ठेवावी.